यीस्ट चिकटत नसेल तर आधी वाण बघ

गोव्यात ताळगावच्या पठारावर प्रयोगशाळेत नवीन आली आहेस, म्हणून सांगतो. प्लास्टिकवर यीस्ट चिकटेना की सगळे बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) बदलत बसतात. तू आधी वाण विचार. जगभर वापरला जाणारा एस२८८सी हा वाण चिकटतच नाही, कारण त्याच्या फ्लो८ जनुकात बिघाड आहे. फ्लो८ हे फ्लो११ चालू करतं, आणि पेशीभित्तीवरचं चिकट प्रथिन या फ्लो११ मधूनच बनतं. सिग्मा १२७८बी घे, त्यात फ्लो८ शाबूत आहे. फ्लो११ काढून टाकलेला वाणही तुलनेसाठी शेजारी हवाच. तो नसेल तर तुझ्या निकालावर मी विश्वास ठेवणार नाही.

वाढीच्या माध्यमातलं ग्लुकोज २ टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आण, चिकटणं वाढतं. २००१ मध्ये रेनॉल्ड्स आणि फिंक यांनी हेच दाखवलं. चिकटलेल्या पेशी रंगवणाऱ्या क्रिस्टल व्हायोलेटनंतर धुताना हात हलका ठेव, आणि प्लेटमधल्या प्रत्येक खाचेला सारखाच.

रेंदेराकडच्या (माडाची ताडी काढणाऱ्याकडच्या) ताज्या सूरमधलं, म्हणजे ताडीतलं, यीस्टही जरूर वेगळं कर. ते तळाशी गठ्ठे करून बसलं तर ईडीटीए हे कॅल्शियम बांधून घेणारं रसायन घालून बघ. कॅल्शियम ओढलं गेल्यावर गठ्ठे सुटले, तर फ्लो१ कुळातल्या जनुकांवर संशय घे.