लॅप्रोस्कोपीने (दुर्बिणीने) सुरू केलेलं पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन मध्येच ओपन, म्हणजे पोट उघडून, करावं लागलं, तर दोन्ही सीपीटी कोड (अमेरिकेत बिलावर लावायचे उपचारांचे कोड) लावायचे का?

नाही, फक्त ओपनचा लावायचा: ४७६००. लॅप्रोस्कोपिकचा ४७५६२ सोबत जोडू नका. मेडिकेअरच्या (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) एनसीसीआय नियमांप्रमाणे, म्हणजे कोणते कोड एकत्र लावता येत नाहीत ते सांगणाऱ्या नियमांप्रमाणे, अर्धवट राहिलेला लॅप्रोस्कोपीचा भाग पूर्ण झालेल्या ऑपरेशनमध्येच धरला जातो. ‘मग तो डायग्नोस्टिक (फक्त तपासणीची) लॅप्रोस्कोपी म्हणून ४९३२० खाली दाखवू’ ही पळवाट बऱ्याच जणांना सुचते. तीही चालत नाही. निदानाच्या बाजूला मात्र आयसीडी-१० (निदानाच्या कोडची यादी) मधला झेड५३.३१ जोडा, म्हणजे लॅप्रोस्कोपीचं ओपन झालं हे विम्याच्या क्लेमवरच दिसतं.

चिकटलेल्या आतड्यांमुळे काम नेहमीपेक्षा खूपच वाढलं असेल तर मॉडिफायर २२ (जास्तीचं काम दाखवायला कोडला जोडायचा आकडा) लावता येतो, पण सर्जनच्या नोटमध्ये नेमकं काय आणि किती जास्त करावं लागलं ते लिहिलेलं हवं. नुसतं ‘अवघड केस’ लिहून पैसे सुटत नाहीत.

आणि कोड ऑपरेशनच्या शीर्षकावरून कधीच उचलू नका, आतला मजकूर वाचा. शीर्षकात साधी कोलेसिस्टेक्टॉमी (पित्ताशय काढणं) असते आणि खाली कुठेतरी कोलँजिओग्राम (पित्तनलिकांचा एक्स-रे) केल्याची एक ओळ सापडते. मग ओपनला ४७६०५ लागतो, पूर्ण लॅप्रोस्कोपिकला ४७५६३.