वाचक विचारतात : माळावर हरवलेला नायक

प्रश्न : किशोर कादंबरी लिहितेय. १२ वर्षांचा नायक मे महिन्यात नान्नजच्या माळरानावर पाण्याच्या एका बाटलीवर तीन दिवस काढतो. पटेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही पटणार. ४२ अंशांत उन्हातून चाललं की तासाला अर्धा लिटर घाम सहज जातो. एकच दिवस ठेवा. दहा ते पाच त्याला बाभळीखाली बसवा, चाल पहाटेची. निवडुंग फोडून पाणी पिण्याचा मोह तर टाळाच. त्रिधारीचा चीक तोंड भाजतो, डोळ्यांत गेला तर दिसेनासं होतं. कोरडे ओठ सगळेच लिहितात. पण डोकं ठणकतं, लघवी गडद होते, पोरगं उगाच चिडतं, हेही येऊ द्या. शिवाय संध्याकाळी मेंढरं तिथून परततातच. मग मेंढपाळाला तो दिसत का नाही? पाय मुरगळून ओघळीत पडलाय का? हे आधी ठरवा.