कोबाल्ट ब्लू घ्यावा का?

प्रश्न : काकू, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्यांदाच टॅरॅन्टुला (मोठा केसाळ कोळी) पाळायचाय आणि बीळ करून राहणाराच हवाय. त्यातल्या कोबाल्ट ब्लू जातीचे फोटो पाहून वेडा झालोय. विक्रेता म्हणतो, नवख्यालाही जमेल. घेऊ का? बिळासाठी शेतातली काळी माती चालेल? आई म्हणते, खायला घरात झुरळं आहेतच. – एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नको घेऊस. विक्रेत्याला माल खपवायचाय, तो दुसरं काय सांगणार?

कोबाल्ट ब्लू म्यानमार-थायलंडकडचा. फोटोत निळाशार दिसतो, कारण फोटोसाठी त्याला बिळाबाहेर काढलेलं असतं. तुझ्याकडे आला की तो खोल जाईल आणि तुला दिसेल मातीतलं भोक. रात्री टॉर्च घेऊन गेलास तर दोन पाय, तेही उजेड पडेपर्यंत. शिवाय आशिया-आफ्रिकेतल्या टॅरॅन्टुलांना खाजरे केस नसतात, त्यांचा बचाव म्हणजे पळणं नाहीतर चावणं. हा दोन्हींत पटाईत. चावला तर प्रचंड दुखतं, पेटकेही येतात.

त्यापेक्षा कर्ली हेअर घे (ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस). मध्य अमेरिकेतला, तपकिरी, अंगभर कुरळे केस. कोबाल्टपुढे फिका, कबूल. पण स्वभावाने शांत. बीळ करतो आणि बऱ्याचदा तोंडाशी येऊन बसतो, म्हणजे पाळल्यासारखं वाटतं. याचे पोटावरचे केस मात्र खाजकुइलीसारखे. डब्यात तोंड घालून बघू नकोस, हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नकोस. मादी वीसेक वर्षं जगू शकते. उद्या नोकरीला पुण्याला गेलास तर कोण सांभाळणार, ते आईशी आत्ताच बोलून घे.

कर्ली हेअर साइट्सच्या (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांमुळे अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नाहीत म्हणणाऱ्याकडून घेऊ नकोस, आणि जंगलातून पकडून आणलेला तर नकोच नको.

आता माती. आपली माळव्याची काळी माती कपाशीला सोन्यासारखी, इथे कुचकामी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि बीळ ढासळतं. वर शेतातली औषधं. साधं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजव, मुठीत दाबलं की गोळा व्हावा पण पाणी गळू नये, आणि थरावर थर दाबत भर. पाच-सहा इंच तरी हवं. एका कोपऱ्यात झाडाची साल तिरकी खोच आणि तिच्याखाली बोटाने भोक पाडून दे, पुढचं तो बघेल. मातीपासून झाकणापर्यंत जागा कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवू नकोस. काचेवर चढून पडला तर पोट फुटतं. नवखे लोक उंच टाकी आणतात आणि तळाला दोन इंच माती घालतात, तिथेच घात होतो.

कधी तो बिळाचं तोंड मातीने बंद करेल, खाणं सोडेल. कात टाकायची तयारी असते ती. उकरून बघायचं नाही. उताणा पडलेला दिसला तर मेला म्हणून हलवू नकोस, कातच टाकत असेल. डब्यात जिवंत रातकिडा उरला असेल तर काढून घे, तो मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडतो.

मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत डबा ठेवू नकोस. खालच्या मजल्यावर, उन्हापासून लांब ठेव. हीटर लागत नाही. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून बाजूंना भोकं हवीतच.

आणि आईला सांग, घरातली झुरळं नकोत. ओट्याखाली जेल नाहीतर स्प्रे मारलेला असतोच, ते विष झुरळातून कोळ्यात जातं. रातकिडे, मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) विकत मिळतात. त्याच्या पोटाहून मोठं भक्ष्य देऊ नकोस. मोठ्या कोळ्याला आठवड्याला एकदा पुरे.