नगरपालिकेत कोणत्या विचाराचा पक्ष आहे, याने शहराच्या आखणीत खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो पिढ्यानपिढ्या टिकतो. रस्ते, गटारं, दिवे सगळेच पक्ष करतात. फरक दिसतो तो जमीन कोणाला मिळते आणि घर कोणाला परवडतं यात.

व्हिएन्नाचं उदाहरण घ्या. १९१९ ते १९३४ या काळात तिथे समाजवादी लोकशाहीवाद्यांची सत्ता होती. १९२३ मध्ये त्यांनी घरांवर चढत्या दराचा कर बसवला. आलिशान घरांवर जास्त, कामगारांच्या खोल्यांवर नाममात्र. त्या आणि इतर करांच्या पैशातून साठ हजारांहून जास्त घरं उभी राहिली. नुसत्या खोल्या नव्हेत बरं का. आवारातच धुलाईघर, बालवाडी, वाचनालय. कामावर जाणाऱ्या आईचा विचार नकाशावरच झाला होता, आणि मला हीच त्यातली सर्वात मोठी गोष्ट वाटते. आजही तिथे महापालिका घरमालक आहे.

उलट ब्रिटनमध्ये पंतप्रधान थॅचर यांच्या उजव्या विचाराच्या सरकारने १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना पालिकेची घरं सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. अनेक कुटुंबं मालक झाली, हे खरंच. पण विक्रीच्या पैशातून नवी घरं बांधण्यावर पालिकांना मर्यादा घातल्या गेल्या. नंतर आलेल्या गरिबांसाठी पालिकेची घरं फार कमी उरली.

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रीत १९८९ पासून कामगार पक्षाने वस्तीसभांनाच खर्चाचा क्रम ठरवू दिला. गरीब वस्त्यांनी आधी सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पक्के रस्ते मागितले.

म्हणून जाहीरनाम्यापेक्षा अंदाजपत्रक वाचा.