नव्या कोडरना दोन पानी तक्ता देण्याआधी

तुमची पोस्ट काल वाचली. सहा नवे मेडिकल कोडर (डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजार-उपचारांना विम्यासाठी ठरावीक कोड लावणारे), सगळे सीपीसी (कोडरची प्रमाणपत्र परीक्षा) पास, दोन महिने होत आले तरी खऱ्या चार्टवर (रुग्णाच्या नोंदींवर) अचूकता ८३-८४ टक्क्यांच्या पुढे जात नाही. क्वालिटीकडून (कोड तपासणाऱ्या विभागाकडून) रोज फक्त आकडा येतो. सगळ्यात मागे असलेल्या मुलाला महिनाअखेर बॅचमधून काढायचं मॅनेजरच्या मनात आहे. हे बहुतेक प्रत्येक ट्रेनरच्या वाट्याला येतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की नेहमी लागणाऱ्या कोडचा आणि नियमांचा दोन पानी तक्ता करून देणार आहात, म्हणजे निदान वेग तरी येईल. तिथे मी थांबले. असाच तक्ता मी एकदा केला होता, आणि माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात त्याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच झालेलं नाही.

कोडच्या पुस्तकातल्या इंडेक्समध्ये शोधून टॅब्युलरमध्ये (कोडच्या क्रमवार यादीत) खात्री करणं, एक्सक्लूड्सच्या (कोडमध्ये काय धरायचं नाही ते सांगणाऱ्या) नोंदी वाचणं, शरीररचना पक्की करणं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आधीच एक स्पष्ट करते: माझं काम आधी ऑर्थोपेडिक आउटपेशंट (भरती न होणारे हाडांचे रुग्ण) आणि नंतर इनपेशंट (भरती रुग्ण), एवढंच. रिस्क अ‍ॅडजस्टमेंट किंवा अ‍ॅनेस्थेशिया मी कधी शिकवलेलं नाही, त्यामुळे तुमची बॅच त्यात असेल तर माझं म्हणणं तपासून घ्या. क्लायंटच्या स्वतःच्या सूचना असतील तर त्याही बघा.

१ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेत निदानांच्या कोडची जुनी पद्धत आयसीडी-९-सीएम बंद होऊन आयसीडी-१०-सीएम सुरू झालं. कोडची संख्या सुमारे १४ हजारांवरून जवळपास ७० हजारांवर गेली. दुखापतींच्या कोडना सातवं कॅरॅक्टर आलं, जे आधी नव्हतंच. जुने कोडरसुद्धा त्या वेळी नवशिके झाले होते. माझ्याकडे आठ फ्रेशर होते, काम हाडांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकचं, आणि दुसऱ्या महिन्यापासून रोजचं टार्गेट. मी रात्री बसून तक्ता केला. त्यातली एक ओळ मला आजही शब्दन् शब्द आठवते: "ए म्हणजे पहिली भेट, डी म्हणजे पुढच्या भेटी, एस म्हणजे जुन्या दुखापतीचे मागे राहिलेले परिणाम."

ही ओळ चूक आहे. पुस्तकात 'इनिशियल एन्काउंटर' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे पहिली भेट असाच अर्थ मनात येतो. पण गाइडलाइन (कोडिंगचे अधिकृत नियम) सांगते की रुग्णावर त्या दुखापतीसाठी सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ए, आणि ते उपचार संपून बरं होण्याच्या काळातली नेहमीची देखरेख सुरू झाली की डी. डॉक्टर रुग्णाला पहिल्यांदा बघतोय की दहाव्यांदा, याचा संबंध नाही. हे गाइडलाइनमध्ये सरळ शब्दांत लिहिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं, पण तक्ता करताना ओळ छोटी बसावी म्हणून माझ्या डोक्यातला सोपा अर्थ लिहून टाकला.

आता आमच्याकडे कसले चार्ट यायचे ते बघा. उजव्या मनगटाजवळ रेडियस मोडलेला रुग्ण आधी इमर्जन्सीत जातो, तिथे स्प्लिंट लावतात, चार दिवसांनी तो आमच्या सर्जनकडे येतो, सर्जन एक्स-रे बघून ऑपरेशन ठरवतो. इमर्जन्सीची भेट होऊन गेलेली, म्हणून तक्त्याप्रमाणे ही 'पुढची भेट'. मुलांनी एस५२.५०१डी लावला. खरा कोड एस५२.५०१ए, कारण उपचार तर आता कुठे सुरू होतायत. ऑपरेशनच्या दिवसालाही डी. उलट, दुसरीकडे सगळे उपचार पूर्ण करून फक्त हाड जुळलंय का ते दाखवायला पहिल्यांदाच आमच्याकडे आलेल्या रुग्णाला ए. दोन्ही बाजूंनी चूक, आणि तीही रोज. हाड न जुळणं म्हणजे नॉनयुनियन असेल तर के, वाकडं जुळलं असेल तर पी, ही अक्षरं तर माझ्या तक्त्यात नव्हतीच. मुलांना ती आहेत हेच माहीत नव्हतं, कारण तक्ता हातात आल्यावर त्यांनी पुस्तक उघडणं सोडलं होतं.

तुम्ही विचाराल, मग हे क्वालिटीला दिसलं कसं नाही? याच प्रश्नावर माझा अजूनही संताप होतो. आमचा क्वालिटी विभाग चार्ट तपासायचा तो माझ्याच तक्त्यावरून. त्यांच्याकडे वेळ नव्हता, म्हणून माझी प्रत मागून घेतली आणि तीच उत्तरपत्रिका म्हणून वापरली. मी शिकवलेली चूक मुलं करायची, त्यांचा ऑडिटर तीच चूक बरोबर म्हणून टिक करायचा, आणि महिन्याच्या अहवालात ९८ टक्के यायचे. कुठल्या कोडला का चूक धरलं, कुठल्या गाइडलाइनवरून, याचा एक शब्द कधी आला नाही. मी दोनदा मेल करून कारणं मागितली. "आकडा कळवणं एवढंच आमच्या कामात येतं," असं उत्तर आलं. कारण लिहायची सक्ती असती तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी गाइडलाइन उघडली असती आणि ती ओळ सापडली असती.

डिनायल्सही (विम्याने क्लेम, म्हणजे पैशांची मागणी, नाकारणं) आली नाहीत. मेडिकेअरने (अमेरिकेची सरकारी आरोग्य विमा योजना) पहिल्या बारा महिन्यांसाठी पार्ट बी या भागातल्या डॉक्टरांच्या क्लेमना सवलत दिली होती: कोड योग्य कुटुंबातला, म्हणजे योग्य गटातला, असेल तर केवळ नेमकेपणा कमी पडला म्हणून क्लेम नाकारला जाणार नाही. आमचा कोड कुटुंबातलाच होता, शेवटचं अक्षर तेवढं चुकीचं. डिनायल नाही म्हणजे कोडिंग बरोबर, असं आम्ही धरून चाललो. नव्या ट्रेनरनी एवढं तरी लक्षात ठेवा की पैसे आले म्हणून कोड बरोबर ठरत नाही. पुढे क्लायंटने बाहेरचं ऑडिट लावलं, तेव्हा सगळं उघडं पडलं. कित्येक महिन्यांचे फ्रॅक्चरचे चार्ट पुन्हा उघडून दुरुस्त करावे लागले. त्या काळात मी घरी कधी पोचायचे ते आठवत नाही.

पण खरं नुकसान वेगळंच होतं. त्या बॅचमध्ये एक मुलगा होता, सगळ्यात हळू. इतरांचे दिवसाला जेवढे चार्ट व्हायचे त्याच्या निम्मेही त्याचे होत नसत, आणि अचूकतेतही तोच तळाला. एकदा तो पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, इथे सक्रिय उपचार असं लिहिलंय, पहिली भेट असं नाही. मग ऑपरेशनला डी कसा?" समोर टार्गेटचा ताण होता. मी त्याला म्हटलं, आत्ता तक्त्याप्रमाणे चल, नंतर बघू. तो तक्त्याप्रमाणे चालला नाही. गाइडलाइनप्रमाणे ए लावत राहिला आणि क्वालिटी त्याच्या प्रत्येक ए ला चूक धरत राहिली. तिसऱ्या महिन्यात त्याला काढलं. कागदावर शिफारस माझीच होती. बाहेरच्या ऑडिटमध्ये त्याचे जुने चार्ट आले, ते बहुतेक सगळे बरोबर निघाले. मी त्याला फोन करून सांगितलं की तू बरोबर होतास आणि मी चूक होते. तो शांतपणे ऐकून घेऊन "ठीक आहे मॅडम" म्हणाला. तोवर त्याने हे क्षेत्र सोडलं होतं.

म्हणून माझं मत टोकाचं वाटलं तरी तेच सांगणार: पहिल्या तीन महिन्यांत नव्या माणसाच्या हातात तक्ता देऊ नका. फारच गरज पडली तर प्रत्येक ओळीपुढे गाइडलाइनचा विभाग आणि तक्त्याची तारीख लिहा. आयसीडी-१०-सीएम दर वर्षी १ ऑक्टोबरला बदलतं, कधीकधी १ एप्रिललाही, आणि सीपीटी (डॉक्टरने केलेल्या कामांचे कोड) १ जानेवारीला. तारीख नसलेला तक्ता कोणाच्या टेबलावर दिसला तर मी तो सरळ उचलून घेते. आणि ऑडिटरला तो तक्ता कधीही देऊ नका. त्याने मूळ गाइडलाइनवरूनच तपासलं पाहिजे.

मी आता काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. पहिले दोन आठवडे कोड लावायचाच नाही. रोज काही चार्ट वाचायचे आणि मला तोंडी सांगायचं: रुग्ण आज का आला, डॉक्टरने आज काय केलं, आधी काय झालं होतं, पुढे काय ठरलं. बस. सीपीसीच्या परीक्षेत चार तासांत १०० प्रश्न असतात, पुस्तक समोर असतं, प्रकरण थोडक्यात मांडलेलं असतं आणि उत्तर चार पर्यायांत लपलेलं असतं. खऱ्या चार्टमध्ये जुन्या नोंदी कॉपी होऊन आलेल्या असतात, मधुमेह चालू असताना 'हिस्टरी ऑफ डायबिटीस' लिहिलेलं असतं, आणि आजचं काम कुठल्यातरी कोपऱ्यात दोन ओळींत असतं. तुमची मुलं ८३ वर अडकलीत ती बहुधा इथेच. कोड त्यांना येतात, चार्ट वाचता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून कोड. पण प्रत्येक कोडखाली दोन गोष्टी लिहायच्या: चार्टमधलं कुठलं वाक्य, आणि कुठली गाइडलाइन. वेग पार बसतो. मॅनेजर आरडाओरडा करतो. करू द्या. सहाव्या-सातव्या आठवड्यात वेग आपोआप येतो, कारण मुलं अंदाज बांधणं सोडतात. हा माझ्या बॅचचा अनुभव, सगळीकडे असंच होईल असा दावा नाही.

आउटपेशंट आणि इनपेशंट एकाच महिन्यात शिकवू नका, ही आणखी एक कळकळीची विनंती. 'प्रोबेबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आउट' असं लिहिलेलं निदान आउटपेशंटमध्ये कोड करायचं नाही, लक्षणाचा कोड लावायचा. छातीत दुखतंय आणि हार्ट अटॅक 'रूल आउट' करायचा आहे, तर छातीत दुखण्याचाच कोड. रुग्णालयात भरती असलेल्या रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी 'प्रोबेबल न्यूमोनिया' लिहिलेलं असेल तर मात्र तो असल्यासारखाच कोड होतो. त्यालाही अपवाद आहेत: एचआयव्ही आणि कोविड निश्चित झाल्याशिवाय कोड करता येत नाहीत. दोन्ही नियम एकाच वेळी शिकलेला माणूस पुढे वर्षभर गोंधळतो, हे मी खूपदा पाहिलंय.

आणि क्वेरी, म्हणजे नोंदीबद्दल डॉक्टरला शंका विचारणं. डॉक्टरने 'युरोसेप्सिस' लिहिलं तर आयसीडी-१०-सीएममध्ये त्याला कोडच नाही, विचारावंच लागतं. पण "तुम्हाला सेप्सिस म्हणायचंय ना?" असं विचारणं म्हणजे उत्तर डॉक्टरच्या तोंडात घालणं, आणि सेप्सिस आणि साधा मूत्रमार्गाचा संसर्ग यांचे डीआरजी (भरती रुग्णाचे पैसे ठरवणारे गट) वेगळे, पैसेही वेगळे. चार्टमधली लक्षणं आणि तपासण्या मांडून प्रश्न मोकळा ठेवायला शिकवा. सॉफ्टवेअरने सुचवलेल्या कोडबाबतही हेच: वाचल्याशिवाय स्वीकारू देऊ नका, नाहीतर तो नवा तक्ताच.

सहाही जण आयुष्यभर प्रॉडक्शन कोडर राहणार नाहीत. ज्याला चार्टमधल्या विसंगती खुपतात तो क्लिनिकल डॉक्युमेंटेशनच्या (डॉक्टरांच्या नोंदी तपासून नीट करून घेण्याच्या) कामात चांगला निघतो. नियम शोधून वाद घालणारा डिनायल आणि अपीलला हवा असतो. आकड्याच्या मागे धावणाऱ्या बॅचमध्ये ही माणसं मागे पडलेली दिसतात, म्हणून ती ओळखायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आता तुमच्या त्या सगळ्यात मागे असलेल्या मुलाबद्दल. मॅनेजरच्या मीटिंगआधी त्याचे चूक धरलेले शेवटचे वीस चार्ट काढा. क्वालिटीचा शेरा झाकून ठेवा आणि गाइडलाइन उघडून स्वतः कोड करा. मग त्याच्याशी, आणि नंतर क्वालिटीशी ताडून बघा. जिथे तुम्ही आणि तो एका बाजूला आणि क्वालिटी दुसऱ्या बाजूला असेल, ते सगळे चार्ट गाइडलाइनच्या विभागासकट लेखी पाठवा आणि कारण लेखीच मागा. वीसपैकी तीन-चार जरी असे निघाले, तरी त्याला काढायचा निर्णय निदान महिनाभर पुढे ढकलायला सांगा. आणि त्याने तुम्हाला काही विचारलं असेल, ज्याला तुम्ही "नंतर बघू" म्हणाला असाल, तर तो प्रश्न उद्याच घ्या. काय निघालं ते इथे नक्की लिहा. ऑर्थोचे चार्ट असतील तर रुग्णाची माहिती न देता नुसता प्रसंग लिहून पाठवा, मी बघेन.