मारेंगो : मेलास थकला म्हणून हरला का?

प्रश्न : उत्तर इटलीतल्या मारेंगोच्या लढाईत दुपारपर्यंत ऑस्ट्रियाचा सेनापती मेलास जिंकत होता; मग तो रणांगण सोडून गेला, असं वाचलं. म्हातारा दमला आणि नेपोलियनचं फावलं, असंच ना? की विजय नेपोलियनचा सेनानी देझे याचा म्हणायचा? – एक वाचक, सातारा

उत्तर : मेलासवरचा हा शिक्का वाचला की मला खरंच वाईट वाटतं. १४ जून १८०० रोजी तो ७१ वर्षांचा होता, नेपोलियन ३० वर्षांचा. पण त्या दिवशी मेलासच्या मांडीखालचे दोन घोडे ठार झाले, त्यालाही मार लागला. लढाई जिंकल्यात जमा आहे असं समजूनच तो पाठलागाचं काम आपला सेनाधिकारी त्साख याच्यावर सोपवून जवळच्या अलेस्सांद्रिया शहरात परतला.

खरं तर आधी चुकला होता नेपोलियन. मेलास निसटणार असं धरून त्याने फौज पांगवली, देझेला दक्षिणेकडे धाडलं. सकाळी ऑस्ट्रियाचं सुमारे ३० हजार सैन्य बोर्मिदा नदी ओलांडून अंगावर आलं, तेव्हा फ्रेंचांकडे जेमतेम २२ हजार. त्यांना तारलं फोन्तानोने नावाच्या ओढ्याने. नकाशात ती केसाएवढी रेघ दिसते. पण काठ उभे, तळाशी चिखल. तिथे व्हिक्तॉर आणि लान या फ्रेंच सेनानींनी कित्येक तास शत्रूला अडवून धरलं.

माझ्या मते मेलासची चूक सकाळचीच. पिछाडीला फ्रेंच आल्याची खबर लागताच त्याने दोन हजारांवर घोडेस्वार मागे पाठवून दिले. संध्याकाळी पाचच्या सुमारास देझेची ताजी तुकडी पुढे सरसावली, फ्रेंच तोफखान्याच्या मार्माँच्या तोफा धडधडल्या आणि फ्रेंच घोडदळाचा केलरमान चारेकशे घोडेस्वारांनिशी ऑस्ट्रियाच्या बगलेत घुसला. ते पाठवून दिलेले स्वार तेव्हा हवे होते! त्साख कैद झाला, फौज उधळली आणि दुसऱ्याच दिवशी मेलासला तहावर सही करावी लागली.

विजयाचं म्हणाल, तर मी देझे आणि केलरमान यांचं नाव आधी घेईन. देझे त्याच हल्ल्यात गोळी लागून पडला. सरकारी पत्रकाने त्याच्या तोंडी अखेरचे शब्द घातले, पण बोलायला त्याला वेळ मिळालाच नव्हता. रात्री त्याचा अधिकारी साव्हारी प्रेतांमध्ये शोधत फिरला. अंगावरचे कपडेही लुटले गेले होते. त्याच्या दाट केसांवरून साव्हारीने त्याला ओळखलं.