प्रसादाचा द्रोण आणि आपली पंगत

प्रिय मुला,

प्रभूच्या नावात सलाम.

ऑफिसातल्या सत्यनारायणाचा प्रसाद हातात आला की काय करायचं, असं तू विचारलंस. आपल्या चर्चच्या तरुण संघातला एक म्हणतो, खाल्लास तर ख्रिस्ती म्हणून तुझी साक्ष गेली. दुसरा म्हणतो, शिराच तर आहे, खा आणि मोकळा हो. आणि तू द्रोण घेऊन जिन्यात उभा!

हा प्रश्न तुझ्या हिंजवडीपेक्षा फार जुना आहे. पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथ शहरात देवळात वाहिलेल्या पशूंचं मांस बाजारातही विकायला यायचं. प्रेषित पौलाने तिथल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलं की बाजारातलं घ्या, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशा न करता खा. देवळातल्या पंगतीला मात्र बसू नका. आणि ‘हे वाहिलेलं आहे’ असं कुणी सांगितलंच, तर त्या सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीखातर खाऊ नका. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय एका बैठकीत वाच. एकेक वचन उपटून भांडणारे दोन्हीकडे आहेत.

मी स्वतः प्रसाद घेत नाही. तो प्रसाद म्हणूनच हातावर ठेवतात, म्हणजे सांगूनच दिला की. पण घेणाऱ्याला मी मंडळीत नावं ठेवणार नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, हे रोमकरांस 14 मध्ये स्वच्छ लिहिलंय. नाही म्हणायचं तर हात जोडून म्हण, “माझ्या श्रद्धेमुळे घेत नाही, राग मानू नका.” बस. पूजेवर प्रवचन झोडू नकोस, आणि त्या दिवशी रजा टाकून पळूही नकोस. खुर्च्या मांड, पाहुण्यांना पाणी दे, नंतर सगळ्यांबरोबर जेवायला बस. आपल्यातले काही जण नकाराचीच इतकी मर्दुमकी सांगतात, की समोरच्याला ख्रिस्त दिसायचा राहतो आणि यांची ताठ मानच दिसते.

आता उलट बाजू बघ. नाताळात तू ऑफिसात करंज्यांबरोबर केकही नेतोस. केकमध्ये अंडं आहे हे डबा उघडतानाच सांगतोस ना? तुझ्या शेजारी बसणाऱ्या जैन मुलीला “एवढ्याशाने काय होतंय” असा आग्रह होत असेल, तर पौलाचा नियम तिथे तूच मोडतोयस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. अंडं घातलेलं पुडिंग खायला त्यांनी नकार दिला, आणि त्यावरून तिथल्या धर्मभगिनींशी त्यांची पत्रापत्री झाली. यात जातीचा अभिमान आहे, असं भगिनींना वाटलं. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे इंग्रजांच्या ताटातलं खायचं, हे बाईंना मान्य नव्हतं. मला विचारशील तर मी बाईंच्या बाजूचा.

लक्ष्मीबाई टिळकांचं तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या त्या सोवळं घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जात देवाने केलेली नाही, हे बाईंचं त्यांनाच उमगलं आणि मग सोवळं गळून पडलं.

त्यांचं गळलं. आपलं गळलं का, हे मला जास्त छळतं. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, पण यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं आली तसा पंगतीतून बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत खडसावलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे सगळं. आपण रविवारी एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतो, आणि सोमवारी मुलीचं स्थळ आलं की हळूच विचारतो, “ते मूळचे कोण?” शिऱ्याच्या द्रोणावर तासभर वाद घालणारा तरुण संघ या विषयावर तोंड उघडत नाही.

तुझ्यासाठी स्थळं बघताहेत असं आई परवा उपासनेनंतर म्हणाल्या. बायोडाटा छापायला देण्याआधी एकदा नीट वाच. त्यात ‘मूळ समाज’ असा रकाना असेल तर तो काढायला लाव. घरात कुरबूर होईल, वडील चिडतील. मला फोन कर, मी येऊन त्यांच्याशी बोलतो.

तुझे,
गुरुजी